घरची लोहारभट्टी आणि पर्यायी इंधने

तासगाव तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रकच्या जुन्या ब्रेक ड्रममध्ये सिमेंट आणि क्रश सँडचे अस्तर घालून त्यांनी घरामागे लोहारभट्टी बांधली, खालून हेअर ड्रायरचा वारा दिला आणि चिपाडाच्या ब्रिकेट (भुगा दाबून केलेल्या कांड्या) त्यात जाळून पाहिल्या. पहिल्याच पेटवणीत अस्तराचे टवके उडाले. भट्टीतून हातभर जाळ निघत होता, तरी कमानपाट्याचा (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) तुकडा लाल होण्यापलीकडे गेला नाही. दगडी कोळसा जवळपास मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. तेव्हा शेणी, करवंट्या, ब्रिकेट, जळके ऑइल आणि गोबरगॅस यांपैकी कशावर खुरपी, विळे आणि पुढे ऊसतोडीचे कोयते घडवता येतील, अशी त्यांची विचारणा आहे.

इंधनाच्या निवडीकडे वळण्यापूर्वी उष्णतेचा एक साधा हिशेब मांडतो, कारण तुमची अडचण तिथेच उलगडते. एक किलो पोलाद थंड अवस्थेपासून १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला सुमारे २०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो चांगल्या लोणारी, म्हणजे लाकडाच्या कोळशात सुमारे ७००० किलोकॅलरी असतात आणि वाळलेल्या ब्रिकेटमध्ये ४००० च्या आसपास. म्हणजे कागदावर पाहिले, तर एका किलो ब्रिकेटवर वीस किलो पोलाद पिवळे व्हायला हरकत नाही. प्रत्यक्षात मात्र तुमचा पाव किलोचा तुकडाही तापला नाही. यावरून उष्णतेचा एकूण साठा कमी पडला नाही, हे स्पष्ट आहे. ती उष्णता कुठे सुटली, किती लहान जागेत सुटली आणि किती वेगाने सुटली, यावर लोहारकाम चालते. बाजारात इंधन विकणारा कॅलरीचा आकडा सांगतो. लोहाराने मात्र इंधनातला धूर होऊन उडून जाणारा भाग किती, राख किती आणि तुकडा किती टणक, हे विचारावे.

लाकूड, चिपाड, पाचट, भुसा अशा कोणत्याही वनस्पतिजन्य इंधनाचा वजनाने ७० टक्क्यांहून अधिक भाग तापल्यावर वायुरूपात बाहेर पडतो आणि वर येऊन ज्वाळेच्या रूपाने जळतो. तुमच्या भट्टीतला तो हातभर जाळ म्हणजे पोलादाला न मिळालेली उष्णताच होती. गुऱ्हाळाच्या चुलवाणात हाच गुण उपयोगी पडतो, कारण तिथे रुंद काहिलीच्या तळाला लांब पसरलेली ज्वाळा हवी असते आणि काहिलीतला पाक १२० अंशांच्या आतच उतरवायचा असतो. लोहाराला याच्या उलट हवे असते. त्याला ओंजळभर जागेत धगधगणारे निखारे हवेत, ज्यांच्या पोटात पोलाद पुरता येईल. निखारा म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. म्हणून जे इंधन निखाऱ्याच्या रूपात भट्टीत येते किंवा भट्टीत पटकन निखारा होऊन टिकून राहते, तेच या कामाला योग्य ठरते.

आता वाऱ्याचे पाहू. एक किलो कार्बन पूर्ण जळायला सुमारे साडेअकरा किलो, म्हणजे साडेनऊ घनमीटर हवा लागते. कोयता-खुरप्याच्या भट्टीत तासाला दीड-दोन किलो कोळसा जळेल असे धरले, तर मिनिटाला तीनशे लिटरच्या आसपास वारा पुरतो. हेअर ड्रायर याहून कितीतरी अधिक वारा फेकतो, त्यामुळे तुमच्याकडे वारा कमी पडला नसून तो आवरायची सोयच नव्हती. जादा वारा निखाऱ्यांची उष्णता उडवून नेतो आणि उरलेला प्राणवायू पोलादालाच जाळतो. वारा आणणाऱ्या नळीच्या तोंडाशी प्राणवायू कार्बनशी संयोग पावून कर्बद्विप्राणील वायू तयार होतो आणि तिथेच सर्वाधिक उष्णता सुटते. तोच वायू पुढे लालबुंद निखाऱ्यांमधून जाताना कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो. या टप्प्यात थोडी उष्णता खर्च होते, पण मोकळा प्राणवायू संपलेला असतो. पोलाद ठेवायची जागा या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर, म्हणजे नळीच्या तोंडापासून साधारण ७५ ते १०० मिमी अंतरावर असते. विस्तव उथळ असेल, तर हा दुसरा पट्टा तयारच होत नाही; मग पोलाद बाहेर काढल्यावर त्यावरून जाड करडे खवले गळतात आणि तुकडा प्रत्येक तावात (तापवणीत) बारीक होत जातो.

इंधनाचा तुकडा जितका मोठा, तितका विस्तव खोल लागतो, कारण मोठ्या तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेतून प्राणवायू न जळता लांबवर निसटतो. ६० ते ९० मिमी जाडीच्या अखंड ब्रिकेट १०० मिमी खोलीच्या भट्टीत टाकल्या, तर त्यांच्यामध्ये विस्तव बनायला जागाच उरत नाही. बहुतेक सर्व इंधने १५ ते २५ मिमी, म्हणजे ढोबळमानाने सुपारीएवढी फोडून आणि त्यातला चुरा चाळून टाकून वापरावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

अस्तराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या भागात या बाबतीत एक स्थानिक अडचण आहे आणि बाहेरच्या चित्रफितींमधून ती कळत नाही. सिमेंट घट्ट होताना पाणी आपल्या रचनेत बांधून घेते. सुमारे ४०० ते ५०० अंशांदरम्यान ते सुटू लागते आणि काँक्रीटचा भुगा होऊ लागतो. आत ओल राहिली असेल तर तत्पूर्वीच वाफेमुळे टवके उडतात. हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र सातारा-सांगलीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, हा स्वतःच ११०० ते १२०० अंशांच्या सुमारास वितळू लागतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. क्रश सँड म्हणजे याच दगडाचा चुरा, आणि कृष्णा-वारणेची वाळूही मुख्यतः याच दगडाची झीज होऊन बनलेली असते. ती अस्तरात घातली, की नळीच्या तोंडाशी अस्तर काचेसारखे वितळून राखेत मिसळते आणि खंगर (वितळलेल्या राखेचा गोळा) धरतो. काळी माती तर वापरूच नये. ती ओली असताना फुगते आणि वाळताना बोट शिरेल एवढ्या भेगा पडतात.

त्याऐवजी ओतकामाची सिलिका वाळू घ्यावी. कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्र्यांना ती सिंधुदुर्गातल्या कासार्डे-फोंडा भागातून येते आणि एखादे पोते मागितले, तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. दोन भाग ही वाळू, एक भाग कुंभाराची चाळलेली माती आणि एक भाग फायरब्रिकचा (भट्टीच्या विटेचा) किंवा जुन्या मंगलोरी कौलांचा बारीक चुरा, असे मिश्रण करावे. पाणी इतकेच घालावे, की मुठीत दाबल्यावर गोळा बसेल पण हाताला चिकटणार नाही. हे मिश्रण थापायचे नसते, ठोकून बसवायचे असते; लाकडी दांड्याने थरावर थर ठोकून ४० ते ५० मिमी जाडी करावी. सावलीत आठवडाभर वाळू द्यावे, नंतर दोन-तीन वेळा शेणीचा मंद विस्तव करून शेकावे आणि मगच वारा सुरू करावा. पहिल्या भेगा त्याच मिश्रणाने बुजवल्या, की काम झाले. पाटण-जावळीकडे ज्यांना भाताचे तूस मिळते, त्यांनी त्याची राख अस्तराच्या मागच्या बाजूला भरावी. या राखेत बहुतांश सिलिका असून ती उष्णता चांगली अडवते. फक्त भरताना नाकाला मास्क हवा, कारण तिची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू यांच्या अस्तराच्या चित्रफिती पुष्कळ पाहिल्या जातात. ते अस्तर पहिल्या दिवशी देखणे दिसते आणि थोड्याच पेटवण्यांत हाताने उकरता येते, यापलीकडे त्यावर बोलण्यासारखे नाही.

ब्रेक ड्रम टाकून देऊ नका, पण तो कोकसाठी (दगडी कोळसा हवाबंद भाजून केलेल्या इंधनासाठी) राखून ठेवा. लोणारी कोळशाला बाजूने वारा देणारी भट्टी अधिक चांगली, आणि ती बांधायला सोपीही आहे. लोखंडी पत्र्याच्या किंवा विटांच्या पेटीत वरील मिश्रण ठोकून मध्ये सुमारे ३०० मिमी लांब, ११० ते १२५ मिमी रुंद आणि २०० मिमी खोल असा चर ठेवावा. चराच्या लांब बाजूच्या मध्यावर, तळापासून ७५ ते १०० मिमी उंचीवर नळी आत आणावी, म्हणजे खाली राख आणि खंगर साचायला जागा राहते आणि वर पोलाद पुरायला पुरेसा विस्तव राहतो. नळी २० ते २५ मिमी आतील व्यासाची, सी क्लासची (जाड भिंतीची) काळी घ्यावी. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप भट्टीत कधीही घालू नये. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. नळीचे टोक हळूहळू जळत जाणारच, म्हणून ती अस्तरात कायमची चिणून न टाकता मागून पुढे सरकवता येईल अशी ठेवावी. दोन्ही टोकांना चराची भिंत विटांनी कमी-जास्त करता आली, तर कोयत्यासारखी लांब वस्तू आडवी सरकवत तापवता येते.

वाऱ्यासाठी हाताने फिरवायचा पंखा मला अजूनही सर्वांत श्रेयस्कर वाटतो. चामडी भात्यावर वाढलेल्या जुन्या लोहारांना हा पंखाही उथळ वाटायचा, पण एकट्याने काम करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा एक मोठा गुण आहे: हात थांबला की वारा थांबतो, त्यामुळे तुकडा ऐरणीवर असताना कोळसा फुकट जळत नाही. विजेचा ब्लोअर लावायचाच असेल, तर त्याचा वेग डिमरने कमी करण्याऐवजी नळीवर सरकती झडप बसवावी किंवा जादा वारा बाहेर सोडणारे तोंड ठेवावे. इंडक्शन मोटर डिमरवर गरम होऊन जळते. हेअर ड्रायर वापरायचा तर तो थंड वाऱ्यावर ठेवून हीच युक्ती करावी. नळी ब्लोअरकडून भट्टीकडे जराही उतरती ठेवू नये आणि तिच्या सर्वांत खालच्या भागात हलके उघडणारे झाकण असावे. कच्चे किंवा धुराचे इंधन भट्टीत असताना वारा बंद केला, तर जळाऊ वायू उलटा नळीत शिरतो आणि पुन्हा वारा सुरू करताच फटाक्यासारखा आवाज होऊन ब्लोअरचे पाते फुटू शकते; ते झाकण अशा वेळी दाब बाहेर सोडते.

इंधनांमध्ये तुमच्यासाठी पहिली पसंती निःसंशय लोणारी कोळशाला आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात वेडी बाभूळ मुबलक वाढते. तिचे लाकूड टणक व जड असल्याने कोळसाही टणक होतो, राख थोडी राहते आणि त्यात पोलादाला बाधक असे गंधक जवळजवळ नसते. साध्या बाभळीचा कोळसाही उत्तम. आंबा, शेवगा यांसारख्या हलक्या लाकडांचा कोळसा लवकर पेटतो, पण वाऱ्यासमोर टिकत नाही. बांधावरची झुडपे तोडून स्वतः कोळसा पाडणार असाल, तर एक बाब आधी लक्षात घ्या. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार लाकडाचा कोळसा कुठेही तयार झाला, तरी तो वनोपजात गणला जातो. त्यामुळे तोड आणि वाहतूक यांविषयी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारूनच पुढे जावे.

करवंटीचा कोळसा यापेक्षाही सरस आहे, फक्त तो पुरेसा जमवणे कठीण. देवस्थानांबाहेरचे नारळवाले, खानावळी आणि लग्नाचे हॉल यांच्याकडून पोत्याने करवंट्या मिळतात. त्यांचे तुकडे पातळ पण घट्ट असतात आणि विस्तवात एकमेकांवर दाट बसतात, त्यामुळे लहानशा जागेत प्रखर उष्णता मिळते. कच्च्या करवंट्या थेट भट्टीत टाकू नयेत. त्यांच्यातून काळा, डोळे झोंबवणारा धूर येतो आणि नळीत डांबर साचते.

कोळसा पाडण्याची रीत कच्च्या करवंट्या, वेड्या बाभळीच्या फांद्या किंवा दाणे काढलेली मक्याची कणसे, या सर्वांना एकच. घट्ट झाकणाच्या लहान डब्यात माल ठासून भरावा, डब्याच्या बुडाला चार-पाच छिद्रे पाडावीत आणि तो डबा २०० लिटरच्या मोठ्या पिंपात विटांवर ठेवून भोवती काटक्या पेटवाव्यात. प्रथम छिद्रांतून पांढरी, दमट वाफ येते. त्या वेळी आत फक्त पाणी उडत असते. मग धूर पिवळसर व दाट होतो, आणि थोड्या वेळाने तोच वायू छिद्रांपाशी पेट घेऊन निळ्या-पिवळ्या जिभा फडफडू लागतात. इथून पुढे बाहेरच्या काटक्या फारशा लागत नाहीत, डबा स्वतःच्याच वायूवर तापत राहतो. या जिभा आखडत जाऊन विझल्या की कोळसा तयार झाला असे समजावे. लगेच छिद्रे ओल्या मातीने बंद करावीत आणि डबा रात्रभर उघडू नये, कारण गरम कोळशाला हवा लागताच तो पुन्हा पेटतो. वजनाने मालाच्या सुमारे चतुर्थांश कोळसा हाती येतो. तुकडा मोडल्यावर आतून काळा व चकचकीत दिसला आणि दुसऱ्या तुकड्यावर आपटल्यास खणखणला, तर तो पक्का. तपकिरी छटा असेल, तर भट्टीत धूर करणार. तासगावच्या भागात बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे वाळत असताना, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, हे काम वाऱ्याची दिशा पाहून आणि शेजाऱ्याला सांगूनच करावे. धुराचा वास बेदाण्याला लागला, तर भांडण ठरलेले.

तुमच्या ब्रिकेटही याच डब्यात घालून पाहा. यांत्रिक दाबाने बनवलेली ब्रिकेट तापल्यावर फुगते, तिच्या चकत्या सुट्या होतात आणि वाऱ्याने त्यांचा भुगा उडतो; कोळसा पाडल्यावरही ती बाभळीच्या कोळशाइतकी टणक होत नाही. बॉयलरसाठी ती ठीक आहे, कारण बॉयलरला ज्वाळाच हवी असते. भट्टी पेटवायला, अस्तर शेकायला किंवा कोळशाच्या पिंपाभोवती जाळायला ब्रिकेट स्वस्त आणि सोयीची आहे. घडाईच्या विस्तवात तिला स्थान नाही. पाचटाच्या ब्रिकेट असतील, तर याहून अधिक त्रास होतो. चिपाडातली बरीचशी क्षारद्रव्ये रसाबरोबर निघून जातात, पण पाचटात ती तशीच राहतात, आणि पाचटाची राख सिलिका व पोटॅश यांच्या संयोगाने कमी उष्णतेलाच चिकट होऊन नळीच्या तोंडाशी साचते.

शेणीची गोष्ट वेगळी. तिची राख फार, उष्णता बेताची, आणि तिच्यावर पोलाद पिवळे करण्याचा हट्ट धरू नये. तरीही जुने लोक ती बैलगाडीच्या चाकाला धाव (लोखंडी कडे) चढवताना वापरत, आणि ते अगदी योग्य होते. साडेचार फूट व्यासाच्या चाकाच्या धावेचा घेर सुमारे ४३०० मिमी असतो. ती पाचशे-एक अंश तापली की सुमारे २५ मिमीने वाढते आणि चाकावर सहज बसते. इथे पिवळ्या तावाची गरजच नसते. गोलाकार रचलेल्या शेणींमुळे संपूर्ण कडे एकसारखे तापते, हीच खरी गरज. तुम्हालाही शेणीचा उपयोग दोन ठिकाणी होईल. कमानपाटा घडवण्यापूर्वी किंवा घडवून झाल्यावर नरम करायचा असेल, तर तो लाल करून शेणीच्या धुमसत्या राखेत पुरावा आणि सकाळपर्यंत थंड होऊ द्यावा. तसेच दुपारच्या सुट्टीत विस्तव राखायचा असेल, तर निखाऱ्यांवर एक शेणी झाकून ठेवावी.

दगडी कोळशाऐवजी कोकचा विचार करा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर तिथे तयार होऊ लागले. ओतकाम या मुलखाला नवे नाही, आणि आज कोल्हापूर, सांगली, कुपवाड परिसरातल्या फाउंड्र्यांच्या क्युपोलांसाठी (बीड वितळवायच्या उभ्या भट्ट्यांसाठी) हार्ड कोक येतच असतो. क्युपोलाला मोठे तुकडे लागतात; चाळणीखाली राहिलेला बारीक माल त्यांच्या उपयोगाचा नसतो आणि तोच आपल्या कामाचा असतो. कोक धूर करत नाही, टणक असल्याने वाऱ्यासमोर टिकतो आणि दिवसभराच्या जाड कामाला लोणारी कोळशापेक्षा स्वस्त पडतो. मात्र तो पेटायला हट्टी असतो, आधी लोणारी कोळशाचा विस्तव करावा लागतो, आणि वारा थांबवला की काही मिनिटांत काळा पडतो. त्याला खालून वारा द्यावा. तुमचा ब्रेक ड्रम, त्याच्या तळाला जाड जाळी आणि खाली राख पाडायच्या झाकणासह टी-पाइप, हीच रचना त्याला योग्य. खंगर काढताना वारा पूर्ण बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे. वितळलेला खंगर तेवढ्यात जाळीवर घट्ट होतो आणि आकड्याने अखंड चकतीसारखा वर उचलता येतो. घाई केली तर तो चिकट असतानाच तुटतो आणि दिवसभर विस्तवात फिरत राहतो.

साधा दगडी कोळसा घ्यायचाच झाला, तर त्याचे मूळ विचारा. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशात राख बरीच असते, गंधक मात्र कमी. वीटभट्ट्यांवर कधीकधी ईशान्येकडचा कोळसा येतो. तो राखेला चांगला, पण त्यात गंधक अधिक असते, आणि ते पोलादात शिरले की लाल तावावर घण बसताच कडेला चिरा पडतात.

जळक्या ऑइलबाबत माझे मत प्रतिकूल आहे. त्यात किलोमागे सुमारे साडेनऊ ते दहा हजार किलोकॅलरी असतात आणि ब्लोअरच्या वाऱ्यात थेंब-थेंब सोडून ते प्रखर जळते, हे खरे आहे. परंतु वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जस्त, फॉस्फरस आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात, आपल्याकडील नियमांत त्याची गणना घातक कचऱ्यात होते, आणि वस्तीत, गुरांच्या गोठ्याशेजारी त्याचा धूर सोडणे अनुचित आहे. हौस असेल, तर तळणीचे वापरून झालेले तेल गाळून, पाणी पूर्णपणे निथळून वापरावे. भट्टी आधी लाल होईपर्यंत लाकडावर तापवावी लागते, कारण थंड भट्टीत हे तेल पेटत नाही. तेलात पाण्याचा अंश राहिला, तर उडणारे शिंतोडे पेटते असतात.

गोबरगॅसचा हिशेब लहान आहे. दोन घनमीटरच्या घरगुती संयंत्रातून दिवसभरात मिळणारा गॅस उष्णतेच्या मानाने एलपीजीच्या किलोभराहूनही थोडा कमी भरतो, आणि गॅसची लहान भट्टी तासाभरात जवळपास तेवढा जाळते. दाबही अत्यल्प असतो, म्हणून त्याला ब्लोअरची जोड लागते. घरातला स्वयंपाक अडवून एवढे करण्यात अर्थ नाही. एलपीजीवरची भट्टी स्वच्छ आणि हातात राहणारी असते. तिला २५ मिमी जाडीच्या सिरॅमिक वूलचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर, त्यांवर रिफ्रॅक्टरीचा (उष्णता सोसणाऱ्या मसाल्याचा) लेप, उच्च दाबाचा रेग्युलेटर आणि योग्य होज लागतो. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरण्यास कायद्याची मुभा नाही, त्यामुळे १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागेल आणि तो भट्टीपासून दूर, उभा, मोकळ्या हवेत ठेवावा लागेल. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खड्ड्यात आणि तळघरात साचतो.

इंधन कोणतेही असो, पत्र्याच्या बंद खोलीत भट्टी पेटवू नये. निखाऱ्यावर दिसणारी निळी ज्योत कार्बन मोनॉक्साइडची असते. त्याला वास नसतो, आणि डोके जड होऊ लागले तेव्हा उशीर झालेला असतो. निदान समोरासमोरच्या दोन बाजू उघड्या ठेवाव्यात. त्याचबरोबर उसाचा फड, पाचटाचे ढीग आणि कडब्याची गंज यांपासून भट्टी पुरेशी लांब असावी, कारण बाभळीचा कोळसा वारा लागताच तडतडून ठिणग्या फेकतो. याच कारणासाठी डोळ्यांवर चष्मा हवा आणि अंगावर नायलॉनचा कपडा नको.

दोन इंधनांची तुलना करायची असेल, तर ती मोजून करा. १६ मिमी जाडीच्या साध्या सळईचे सारख्या लांबीचे तुकडे कापा, भट्टी तेवढाच वेळ आधी तापवा, झडप एकाच खुणेवर ठेवा आणि तुकडा टाकल्यापासून चुंबकाला न चिकटेपर्यंतचा वेळ, तिथून पिवळा होईपर्यंतचा वेळ, त्या अवधीत घातलेल्या इंधनाचे वजन आणि शेवटी उरलेली राख लिहून ठेवा. चुंबक सोडण्याचे तापमान ७७० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे पायरोमीटर नसतानाही एक खात्रीची खूण मिळते. रंग मात्र नेहमी सावलीत पाहावा; उन्हात नारिंगी ताव लालसर भासतो आणि माणूस गरजेपेक्षा जास्त तापवतो.

कोयत्यासाठी आणलेला कमानपाटा या चाचण्यांत खर्चू नका. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. साध्या सळईला चालणारा १२०० अंशांचा ताव त्याला दिला, तर त्याचे कण खरखरीत होतात, आणि त्याहून पुढे गेल्यास ठिणग्या उडून कड जळते. सुमारे १०५० ते ११०० अंशांच्या नारिंगी-पिवळ्या तावात घडाई सुरू करावी आणि तांबडा रंग मावळू लागताच पुन्हा विस्तवात घालावा, कारण काळपट पडलेल्या पाट्यावर घण मारल्यास आत सूक्ष्म चिरा जातात. पाणी पाजताना, म्हणजे तापलेला पाटा बुडवून कडक करताना, चुंबक सोडल्यानंतर रंग जेमतेम एक छटा उजळू द्यावा आणि धार ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेल्या करडई किंवा शेंगदाणा तेलात बुडवावी; साध्या पाण्यात हा पाटा बहुधा तडकतो. त्यानंतर धारेमागचा भाग घासून चकचकीत करावा आणि गरम लोखंडावर टेकवून जांभळट तपकिरी छटा धारेपर्यंत सरकेपर्यंत आब (अति कडकपणा) उतरवावा. खुरप्याला हा रंग थोडा अलीकडे, म्हणजे तपकिरीवरच थांबवला तरी चालतो. ऊस तोडताना कोयता कधी दगडावरही बसतो, म्हणून त्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्यावे.